अँटिबॉडी यायच्या आधी कोण?

पत्र: 'माझा मुलगा सहा वर्षांचा, यंदा पहिलीत गेला. जूनपासून महिन्याला एक सर्दी ठरलेली. आधी नाक, मग दोन दिवस ताप, मग खोकला, आणि आठवडाभरात स्वारी पुन्हा अंगणात. डॉक्टर म्हणतात, व्हायरल आहे, आपोआप जाईल. अँटिबायोटिक देत नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, पोराची प्रतिकारशक्तीच कमी आहे. जाऊबाईंनी इम्युनिटी वाढवणाऱ्या पावडरीचा डबा आणून दिलाय, गुळवेलीचा काढा वेगळाच. केळं आणि दही बंद, कानटोपी चालू. त्यात नववीतल्या लेकीने नवीनच काढलं : "आई, अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा तरी लागतो म्हणे. छोटूचा ताप तर दोन दिवसांत उतरतो. मग तोवर लढतं कोण?" मला काही सांगता आलं नाही. डबा सुरू करू का? ताप आला की लगेच औषध द्यावं का? शाळेत कधी पाठवावं?' – एक आई, सांगली

ताई, लेकीचा प्रश्न आधी घेते. तो तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा भारी आहे, आणि त्याचं उत्तर मिळालं की डब्याचा निकाल आपोआप लागेल.

तिचं गणित बरोबर आहे. नव्या विषाणूविरुद्ध कामाच्या अँटिबॉडी, म्हणजे त्याला नेमकं ओळखून पकडणारी प्रथिनं, पुरेशा प्रमाणात तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे जातात. तेवढ्या वेळात विषाणूला मोकळं रान मिळालं असतं तर पहिलीतलं एकही मूल दुसरीत गेलं नसतं. तोवर लढते ती पेशी. नाकाच्या आतल्या अस्तरातली, जिच्यात विषाणू शिरला तीच पेशी, आणि तिच्या आजूबाजूच्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला येतात, पण थोड्या मागाहून. पहिले काही तास प्रत्येक पेशीकडे स्वतःचा बंदोबस्त असतो. तो जन्मापासून असतो, शिकवावा लागत नाही. याला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात. शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळतात आणि अँटिबॉडीला दोन पानं, हा अन्यायच आहे.

विषाणूकडे स्वतःचं असं फार थोडं असतं. स्वतःची नक्कल करण्याची माहिती आणि एक वेष्टन. बाकी सगळं, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रणा, कच्चा माल, ऊर्जा, तो पेशीचं वापरतो. म्हणून त्याला रोखायचं तर ती यंत्रणा त्याच्या हाती लागू द्यायची नाही. पण त्याआधी पेशीला कळायला हवं की आत कुणी परका आलाय. आणि हे वाटतं तितकं सोपं नाही. विषाणूचा आरएनए (सूचना वाहणारा धाग्यासारखा रेणू) आणि आपला आरएनए एकाच चार रासायनिक अक्षरांत लिहिलेले असतात.

मग पेशी ओळखते कसं? टोकावरून. आपला संदेशवाहक आरएनए केंद्रकातून बाहेर पडण्याआधीच त्याच्या पुढच्या टोकावर एक रासायनिक टोपी बसते. फ्लूच्या विषाणूच्या आरएनएच्या टोकाला टोपी नसते, तिथे तीन फॉस्फेट उघडे असतात. पेशीद्रवात रिग-आय नावाचं एक प्रथिन असतं, ते नेमकं असलं उघडं टोक पकडतं. छोटूच्या सर्दीला बहुतेक वेळा कारण असतो तो रायनोव्हायरस, आणि तो याहून हुशार. त्याच्या टोकाला एक चिमुकलं प्रथिन चिकटलेलं असतं, त्यामुळे रिग-आयच्या हाती काही लागत नाही. पण नक्कल करायची म्हटलं की त्याला आरएनएच्या दोन धाग्यांची लांबलचक जोडी बनवावीच लागते. असली लांब जोडी आपल्या निरोगी पेशीच्या पेशीद्रवात सहसा नसते. तिच्यावर एमडीए-५ नावाचं दुसरं प्रथिन टपलेलं असतं. आणि नागीण किंवा कांजिण्यांच्या विषाणूसारखे डीएनएवाले असतील तर? आपल्या डीएनएची जागा केंद्रकात, थोडासा ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियात. पेशीद्रवात डीएनए दिसणं हीच भानगड. ते ओळखणारं सीगॅस नावाचं विकर (एन्झाइम) अमेरिकेत डॅलसला झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, २०१३ मध्ये त्याचे शोधनिबंध छापून आले. म्हणजे अगदी काल-परवाची गोष्ट.

खबर लागली की ती प्रथिनांच्या साखळीने केंद्रकापर्यंत जाते आणि एक जनुक सुरू होतं. त्यातून बनतं इंटरफेरॉन. ते पेशीत थांबत नाही, बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींना जाऊन चिकटतं.

हे इंटरफेरॉन सापडलं कसं, ते लेकीला जरूर सांगा. १९५७, लंडनच्या मिल हिल भागातली राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था. ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले तरुण जाँ लिंडनमन. एका विषाणूची लागण झालेल्या पेशींना दुसऱ्या विषाणूची लागण नीट होत नाही, हे तोवर माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. दोघांनी कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यांतल्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले. फ्लूचा विषाणू उष्णता देऊन निकामी केला आणि त्या तुकड्यांबरोबर नळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी नळीतलं फक्त पाणी, म्हणजे भोवतालचा द्रव, काढून घेतलं आणि पडद्याच्या ताज्या तुकड्यांवर घातलं. मग त्यांच्यावर जिवंत विषाणू सोडला. तो वाढेना! ताज्या तुकड्यांचा निकामी विषाणूशी संबंध आला नव्हता, त्यांना मिळाला होता तो फक्त आधीच्या तुकड्यांनी सोडलेला द्रव. त्या द्रवात जे काही होतं ते विषाणूच्या वाढीत अडथळा आणत होतं, म्हणून नाव इंटरफेरॉन. जाता जाता : जपानमधले नागानो आणि कोजिमा यांनी १९५४ मध्येच अशाच एका घटकाचा माग काढला होता, पण त्यांचं लेखन फ्रेंचमध्ये छापलं गेलं आणि श्रेय बरंचसं लंडनकडे गेलं.

इंटरफेरॉन स्वतः विषाणूला हात लावत नाही. ते ज्या पेशीला चिकटतं तिच्यात शेकडो जनुकं जागी होतात, आणि खरं काम त्यांची प्रथिनं करतात. हे कळायला शास्त्रज्ञांची पुढची कित्येक वर्षं गेली. सगळी सांगत बसत नाही. माझी आवडती तीन-चार सांगते.

आयएफआयटीएम-३ हे प्रवेशापाशीच बसतं. फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो तो एका छोट्या पिशवीत बंद होऊन. बाहेर पडायला त्याला स्वतःचं आवरण पिशवीच्या पडद्याशी एकजीव करावं लागतं. हे प्रथिन तो पडदा ताठर करतं, विषाणू पिशवीतच अडकतो आणि तिथेच त्याची विल्हेवाट लागते. आत पोचलाच, तर पीकेआर आहे. दोन धाग्यांचा आरएनए दिसला की ते पेशीतलं प्रथिन बनवण्याचं कामच थांबवतं. सगळ्यांचं, पेशीचं स्वतःचंसुद्धा. शॉर्ट सर्किट झालं की आपण कुठली वायर जळतेय ते शोधत बसत नाही, आधी मेन स्विच पाडतो, तसं. मग आरनेझ-एल नावाचं विकर पेशीतला आरएनए कातरत सुटतं, त्यातही आपला-परका फार बघत नाही. एवढं करूनही जमलं नाही तर पेशी स्वतःला संपवते, आणि तिच्याबरोबर आतला अर्धवट तयार झालेला विषाणूही जातो.

एमएक्स प्रथिनांची गोष्ट तर खासच. लिंडनमन मायदेशी परतल्यावर त्यांना उंदरांची एक जात सापडली. बाकी उंदीर ज्या फ्लूने मरत, त्याने हिला काही होत नसे. १९६२ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. पुढे उलगडलं की त्या उंदरांकडे एमएक्स नावाचं जनुक धड होतं, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक उंदरांत तेच मोडलेलं होतं! फ्लूचा अभ्यास वर्षानुवर्षं अशा उंदरांवर चालला होता ज्यांच्याकडे फ्लूविरुद्धचं मुख्य हत्यारच नाही. माणसाकडे याचंच भावंड आहे, एमएक्सए.

आता एवढा बंदोबस्त असताना सर्दी होतेच कशी? विषाणूही बसून नसतात. फ्लूचं एनएस-१ प्रथिन विषाणूच्या आरएनएला झाकून घेतं. रायनोव्हायरसची विकरं खबर पोचवणारी साखळीच कापतात. डेंगीचा विषाणू इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकात नेणारं स्टॅट-२ प्रथिन नष्ट करतो. आपल्यापर्यंत पोचून आजारी पाडणारा प्रत्येक विषाणू यातलं काही ना काही शिकलेलाच असतो, नाहीतर त्याची आपल्याला ओळखच झाली नसती. शर्यत असते ती वेळेची. इंटरफेरॉन आधी पसरलं तर तुम्हाला कळतही नाही की काही झालं होतं. विषाणू आधी पसरला तर नाक वाहतं.

आणि ताप? इथे मोठ्यांचीही गफलत होते. ताप, अंगदुखी, मरगळ, जेवण नकोसं होणं, यातला बराचसा भाग विषाणू करत नाही, इंटरफेरॉन आणि त्याच्यासारखे आपलेच निरोपे करतात. याचा चांगला पुरावा काविळीच्या रुग्णांकडून मिळाला. हेपटायटिस सीसाठी गोळ्या निघण्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, कित्येक महिने, आठवड्याला एक किंवा जास्त. इंजेक्शन घेतलं की त्या रात्री अंगात कणकण, थंडी, सांधेदुखी, हुबेहूब फ्लू. फ्लूचा विषाणू आसपासही नाही. काहींना तर खोल उदासी येई आणि औषध थांबवावं लागे.

म्हणून छोटू दोन दिवस तापाने मलूल पडतो तेव्हा ते 'प्रतिकारशक्ती कमी' असल्याचं लक्षण नाही. ती कामावर असल्याचं आहे. महिन्याला एक सर्दी ऐकून तुम्ही घाबरलात, पण शाळेत नव्याने जाणाऱ्या मुलांना वर्षाला सहा ते आठ, कधी त्याहून जास्त सर्द्या होणं सर्वसामान्य आहे. एकट्या रायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, आणि एका प्रकाराच्या अँटिबॉडी दुसऱ्याला फारशा उपयोगी पडत नाहीत. सासूबाईंना सांगा, आठवडाभरात अंगणात जाणारं पोर कमकुवत नसतं.

कानटोपीबद्दल मात्र सासूबाईंची बाजू थोडी घ्यावी लागेल. येल विद्यापीठात एलन फॉक्समन आणि अकिको इवासाकी यांनी २०१५ मध्ये उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर रायनोव्हायरस वाढवून पाहिला, एकदा ३३ अंश सेल्सिअसला आणि एकदा ३७ अंशांना. नाकाच्या आतलं तापमान साधारण ३३-३४ असतं, फुफ्फुसात ३७. थंड पेशींत इंटरफेरॉनची तयारी ढिली पडली आणि विषाणू जोमाने वाढला. रायनोव्हायरस नाकातच का रमतो, याचं एक कारण यातून कळतं. म्हणजे 'थंडी लागली, सर्दी झाली' यात काही तथ्य असू शकतं. पण विषाणू मुळात यायला हवा, तो वाऱ्याच्या झुळकीतून जन्मत नाही. आणि टोपी कानावर असते, नाकावर नाही! घालू द्या टोपी, त्यात वाईट काही नाही. केळं आणि दही मात्र त्या पोराला परत द्या. त्यांचा यातल्या कुठल्याच पायरीशी संबंध नाही.

आता डबा. 'इम्युनिटी वाढवा' म्हणणाऱ्यांचा घोळ हा, की ते हिला पाण्याच्या टाकीसारखं समजतात. जास्त भरली की बरं. वर सांगितलं ते आठवा : पीकेआर स्वतःच्या पेशीचं काम बंद पाडतं, आरनेझ-एल स्वतःचाही आरएनए कापतं. ही यंत्रणा सतत चालू राहिली तर आपलाच घात करते. एकार्डी-गुतिएर नावाच्या दुर्मिळ आजारात पेशी स्वतःच्याच डीएनए-आरएनएला विषाणू समजतात, लागण नसताना इंटरफेरॉन बनत राहतं आणि तान्ह्या बाळांचा मेंदू इजा पावतो. ल्यूपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार, त्याच्या अनेक रुग्णांतही इंटरफेरॉनची जनुकं विनाकारण जागी दिसतात. तेव्हा एखादी पावडर खरोखरच ही यंत्रणा रोज 'वाढवत' असती, तर मी ती तुमच्या मुलाच्या हाती लागू दिली नसती. सुदैवाने बहुतेक पावडरी तसलं काही करत नाहीत. साखर, थोडी जीवनसत्त्वं आणि मोठी किंमत. तो डबा नको.

वेळेचं महत्त्व कोविडने फार कठोरपणे शिकवलं. २०२० मध्ये प्रतिकारशक्तीचे अभ्यासक जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने कोविडने जीवघेणा न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातल्या १०१ जणांच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी होत्या. सौम्य किंवा लक्षणविरहित लागण झालेल्या ६६३ जणांत तशा एकाकडेही नव्हत्या. म्हणजे पहिल्या तासांचा बंदोबस्त गेला की काय होतं ते लख्ख दिसलं. मग बाहेरून इंटरफेरॉन टोचलं तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्यांना ते दिलं, फायदा दिसला नाही. उलट २०२३ मध्ये ब्राझील आणि कॅनडातल्या चाचणीत लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांत इंटरफेरॉन लॅम्डाचा एकच डोस दिला, तेव्हा दाखल व्हावं लागणाऱ्यांचं किंवा तातडीच्या विभागात बराच वेळ राहावं लागणाऱ्यांचं प्रमाण ५.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आलं. दोन ठिकाणी इंटरफेरॉनचा प्रकार वेगळा होता हे खरं, पण मला यातून दिसते ती वेळच. उशीर झाला की असल्या औषधाला फारसा अर्थ उरत नसावा.

गुळवेलीच्या काढ्याबद्दल जरा गंभीरपणे लिहिते, कारण घरोघरी तो निरुपद्रवी समजला जातो. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती, आणि ती शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखी होती. आयुष मंत्रालयाने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शक्यताही मांडली. ज्याला त्याला वाटेल ते वाटो. सहा वर्षांच्या निरोगी मुलाला, कुठून आली ते माहीत नसलेली वेल रोज उकळून पाजण्याचं मला तरी कारण दिसत नाही. हळदीचं दूध, आल्याचा चहा आवडत असेल तर द्या, घशाला बरं वाटतं. तेवढंच.

तापाचं औषध आकडा बघून देऊ नका, पोर बघून द्या. ३८.५ सेल्सिअस (साधारण १०१ फॅरनहाइट) ताप असून खेळत असेल तर राहू द्या. कण्हत असेल, पाणी पीत नसेल, झोप लागत नसेल तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेल्या मात्रेत, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. पावसाळ्यात आपल्याकडे डेंगी असतो, म्हणून आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेलं औषध आपल्या मनाने देऊ नका, आणि मुलांना तापात ॲस्पिरिन कधीच नको. वाफ द्यायची तर उकळत्या पाण्याच्या पातेल्यापाशी मूल बसवू नका, त्याने पोरं भाजतात. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात. अँटिबायोटिक न देणारे डॉक्टर तुम्हाला मिळालेत, त्यांना सोडू नका. ती औषधं जिवाणूंच्या यंत्रणेवर चालतात, विषाणूला ती यंत्रणाच नसते.

पण पुढचं काही दिसलं तर थांबायचं नाही : श्वास भरभर चालणं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, गुंगी, लघवी कमी होणं, अंगावर लाल ठिपके, तीन दिवसांपलीकडे ताप. डेंगीत ताप उतरतो तेव्हाच धोका वाढू शकतो, त्यामुळे ताप गेल्यावर पोटात खूप दुखत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा पोर गळून गेलं असेल तर लगेच दवाखाना. आणि प्रतिकारशक्ती खरोखर कमी असल्याची लक्षणं सर्दीपेक्षा फार वेगळी असतात. वर्षात दोनदा न्यूमोनिया, शिरेतून अँटिबायोटिक दिल्याशिवाय न हटणारे संसर्ग, खोलवरची पुन्हा पुन्हा येणारी गळवं, वजन न वाढणं, तोंडात न जाणारी बुरशी. यातलं काही असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

शाळेचं म्हणाल तर औषधाशिवाय चोवीस तास ताप नसला आणि तो स्वतःहून दंगा करायला लागला की पाठवा. नाक आणि खोकला थांबायची वाट बघू नका, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. दप्तरात दोन रुमाल जास्त ठेवा, आणि शिंकताना कोपरात शिंकायला शिकवा. नाकात घातलेलं बोट डोळ्याला लावायचं नाही, हेही सांगून बघा, ऐकलं तर ऐकलं.